शेत कुठल्या हाताला?

चुशार,
जल-कोंबडा वर्ष, सहावा महिना, पौर्णिमा

अचा युडोन, माझ्या थोरल्या ताई,

आधी बातमी सांगते, मग ख्यालीखुशाली. यंदाच्या शेतफेरीत बाण माझ्या हातात आहे!

पुन्हा वाच. हो, माझ्याच. पाच रंगांच्या रेशमी फिती लावलेला बरकतीचा बाण. मी सगळ्यांत पुढे, माझ्यामागे पाठीवर पोथ्या घेतलेल्या बायका, मग लामा, झांजा, नगारे आणि शेवटी सगळं चुशार गाव. इकडे रीत अशी, की वर्षातली सगळ्यांत नवी सून बाण धरते. नव्या वर्षाच्या लोसारनंतर गावात एकच लग्न झालं, ते आमचं. त्यामुळे गावाची पंचाईत झाली आहे.

पंचाईत काय ते तुझ्या लक्षात आलंच असेल. आपण बोनपो, बुद्धाच्याही आधीच्या जुन्या बोन धर्माचे. देऊळ असो, डोंगर असो की जवाचं शेत, आपण ते डाव्या हाताला ठेवून फिरतो. इथे सगळं उजव्या हाताला. लग्न होऊन आले त्याच आठवड्यात मी पाण्याची घागर घेऊन मंत्रांच्या भिंतीच्या चुकीच्या बाजूने आले. तेव्हापासून पोरं मला 'उलटी वहिनी' म्हणतात. म्हणोत बापडी. पण मुखिया पासांगना ते खपेना. "ही उलटी फिरली तर वर्षाची बरकत ओढ्यात गेली समजा," असं ते चारचौघांत म्हणाले. त्यात इथला आणखी एक नियम असा, की बाण एकदा निघाला की मागे वळवायचा नाही. वळवला तर गोळा केलेली बरकत सांडते. म्हणजे चुकलं तर सुधारायची सोय नाही.

मग अमा फुर्बू उठल्या. माझ्या सासूबाई दिसायला एवढ्याशा, पण आवाज असा की ओढ्यापलीकडची खेचरं कान टवकारतात. "रीत म्हणजे रीत! सून माझी आहे. चुकली तर मी उत्तर देईन." मुखिया म्हणाले, "उत्तर घेऊन काय करायचंय? चुकली तर तिला वर तिच्या माहेरी पोचवा आणि तोबग्यालला सरळ चालणारी बायको बघा." सगळे हसले. अमा हसल्या नाहीत, पण 'नाही'ही म्हणाल्या नाहीत. "बघू," एवढंच म्हणाल्या.

अचा, ते 'बघू' माझ्या पोटात जाऊन बसलं आहे. मला इथून जायचं नाही. तोबग्याल चांगला आहे. घोड्याशी बोलतो त्याच लाडीक आवाजात माझ्याशी बोलतो, आणि माझ्या चहात लोणी कमी दिसलं की स्वतःचा पेला पुढे सरकवतो. यंदा जव कमरेच्याही वर गेला आहे, कणसं अशी भरलीत की वाऱ्यात जड जड हलतात. हा जव मला माझ्या हातांनी कापायचा आहे.

तर सांग, पायांना कसं शिकवू? सोबत छुर्पीची, सुकवलेल्या पनीरच्या तुकड्यांची, माळ पाठवली आहे. खेचरवाल्या अकूने वाटेत खाल्ली नाही तर मिळेल.

तुझी सेल्की

---

लुंगमार,
सहावा महिना, २०

सेल्की,

माळ अर्धी मिळाली. उरलेली उंदरांनी खाल्ली म्हणे. अकूच्या मिशीला छुर्पीचा चुरा लागला होता, म्हणजे उंदीर तिथेच राहत असावेत.

बाण तुझ्या हातात! पत्र वाचून मी गच्चीवर धावले आणि सगळ्या शेजारणींना ओरडून सांगितलं. एकीच्या हातून दुधाचं भांडं सुटलं, ती माझ्यावर अजून रागावलेली आहे.

मग पालांना वाचून दाखवलं. मला धाकधूक होती. आयुष्यभर बोन पोथ्या वाचलेला बाप, लेक उजव्या हाताने शेत फिरणार म्हटल्यावर काय म्हणेल कोण जाणे. त्यांनी बराच वेळ जपमाळ ओढली आणि म्हणाले, "ज्यांचा जव खाते त्यांच्या शेताभोवती त्यांच्यासारखीच फिरू दे. मंत्र मनातल्या मनात आपला म्हणावा. तो कोण ऐकतोय?"

मी काही एवढी समजूतदार नाही. मला राग आला. पीक कापण्याआधी शेतं फिरायची ही रीत मुळात कुणाची? आपल्या बोन पुजाऱ्यांची! आणि आता हे लोक आपल्यालाच उलटे म्हणतात! पण हे तिथे बोलू नकोस. मुखियाचं डोकं फिरायचं आणि भोगायला तू आहेस.

आता उपाय ऐक. तू घाबरलीस की विचार करत बसतेस आणि विचार केलास की हमखास चुकतेस. लहानपणी मेंढ्या मोजतानाही तुझं हेच. तेव्हा विचार करायचाच नाही. उजव्या बुटात करंगळीखाली जवाचे दोन-चार दाणे टाक, कुसळासकट. ज्या पायाला टोचेल त्या हाताला शेत. झालं. डोकं घरी ठेव आणि पायाचं ऐक.

आमचा जव अजून हिरवागार आहे, आपली शेतफेरी पुढच्या महिन्यात शेवटी शेवटी. तोवर तुझी होऊन जाईल. सगळं लिही, काही गाळू नकोस.

अचा युडोन

---

चुशार,
सहावा महिना, २८

अचा,

तुझा उपाय म्हणजे सोनं! रोज दुपारी शेणीच्या ढिगाभोवती फिरते. उजव्या पायाला टोचतं, ढीग उजव्या हाताला. एकदाही चुकले नाही. झोचं, म्हणजे याक-गायीच्या संकराचं, वासरू माझ्यामागे फिरतं, त्यालाही आता दिशा पाठ झाली आहे. मी चुकले तर बाण त्याच्या शिंगाला बांधू, असं तोबग्याल म्हणतो.

गावात काय धांदल चालली आहे म्हणून सांगू! ओढ्याकाठी तंबू उभे राहिले. घराघरात छांग फसफसते आहे, नुसत्या वासाने म्हातारे गाणी म्हणायला लागलेत. घोड्यांच्या शेपट्या विणून त्यात लाल फिती घातल्या. रस्सीखेचीचा दोर बायकांनी लपवून ठेवला आहे, कारण गेल्या वर्षी पुरुषांनी आपल्या टोकाला लोणी न लावता बायकांच्या टोकाला लावलं होतं. यंदा लोणी कुठल्या टोकाला लागणार हे तुला वेगळं सांगायला नको.

अमा फुर्बूंनी माझं शिरोभूषण स्वतः झटकून, पिरोजे ओल्या फडक्याने पुसून ठेवले. फक्त म्हणाल्या, "मान ताठ ठेव." अचा, भीती कुठे संपते आणि आनंद कुठे सुरू होतो तेच कळत नाही.

सेल्की

---

चुशार,
सातवा महिना, ५

अचा,

आधी खाली बस. बसलीस?

मी उलटी फिरले.

एकटी नाही. अख्खं चुशार उलटं फिरलं, माझ्या पाठोपाठ.

सांगते. आदल्या संध्याकाळी मी उजव्या बुटात दाणे टाकून बूट दाराशी ठेवले. सकाळी तोबग्यालला बायकोचं कौतुक सुचलं. त्याने बूट वरून पुसले, लोणी लावून चकचकीत केले आणि जोडीने मांडून ठेवले. आता आपल्या बुटांना उजवा-डावा असतो का? दोन्ही सरळसोट, कुठलाही कुठल्याही पायात. मी शिरोभूषण सावरत, एका हाताने भिंत धरून पाय खुपसले आणि धावले.

गिरणीपाशी वाट फुटते. समोर सगळी शेतं, पिवळीधमक. नगारा वाजला, झांजा वाजल्या, जुनिपरचा धूर डोळ्यांत गेला. मी पाऊल उचललं आणि टोचलं. डाव्या पायाला! मन म्हणत होतं हे चुकतंय. पण तू म्हणाली होतीस डोकं घरी ठेव, पायाचं ऐक. मी ऐकलं. शेत डाव्या हाताला घेऊन निघाले.

नगाऱ्याचा ठोका चुकला. मुखिया ओरडले, "अगं, उलटं! उलटं!" पण बाण निघाला होता आणि तो मागे वळत नाही, हा नियम त्यांच्याच वाडवडिलांचा. मी बाण दोन्ही हातांनी घट्ट धरला. तेवढ्यात अमा फुर्बूंचा आवाज आला, "बाण पुढे गेला, दिसत नाही का? चला!" आणि मागून पावलं वाजायला लागली. आधी एकाची, मग पुष्कळांची.

खरं सांगू? ओढा ओलांडला आणि मला बरं वाटायला लागलं. कणसं डाव्या हाताला घासत होती, जशी आपल्याकडे घासायची, मी पालांचं बोट धरून चालायचे तेव्हा. मी रडत होते आणि मला हसूही येत होतं. इतका आनंद मला लग्नातही झाला नव्हता. हे तोबग्यालला सांगू नकोस.

पुढचा दिवस काही वाईट गेला नाही. लोक फुगून बसले होते, पण घोडे सुटल्यावर कोण किती वेळ फुगून बसणार! तोबग्याल पहिला आला! भरधाव घोड्यावरून लटकून त्याने जमिनीवरचा खाता, मानाचा रेशमी शेला, उचलला आणि सगळं गाव किंचाळलं, मुखियासुद्धा. दोर आम्ही जिंकलो, लोण्याच्या कृपेने. संध्याकाळी नाच सुरू झाला तेव्हा वडीलधारी मंडळी मोठ्या तंबूमागे जमली. अमा फुर्बूही तिकडेच गेल्या. नाचाच्या गोंगाटात तिथलं काही ऐकू आलं नाही.

पण अचा, तेव्हापासून अमा माझ्याशी एक शब्द बोललेल्या नाहीत. माझ्याशीच काय, कुणाशीच नाही. गळ्याभोवती लोकरी पट्टा गुंडाळून चुलीपाशी बसतात, गरम लोणी पितात. चहा हवा असला की पेला वाजवतात. मी समोर गेले की तोंड फिरवतात. तोबग्याल म्हणतो, इतकी गप्प ती त्याचे वडील गेले तेव्हाही नव्हती.

कापणी सुरू झाली आहे. वर एखादा ढग दिसला की सगळे आधी ढगाकडे बघतात, मग माझ्याकडे.

सेल्की

---

लुंगमार,
सातवा महिना, ८

सेल्की, माझ्या बाई,

मी इतकी हसले की पालांना वाटलं मला काही चावलं. मग शेवटचा भाग वाचला आणि हसू गेलं.

दोष आधी बुटांचा, मग माझा, मग त्या कौतुकवाल्या नवऱ्याचा, आणि तुझा सगळ्यांत शेवटी. हे मी त्यांच्या दारात येऊन सांगायला तयार आहे. अख्खं गाव आपल्यासारखं फिरलं, हे ऐकून इथले म्हातारे मात्र खूष आहेत. मी त्यांना सांगितलं, दात दाखवू नका, तिकडे पोरीचा जीव टांगणीला लागलाय.

तोंड फिरवणाऱ्या बाईच्या समोर जाऊन बस. तिचा हात धर आणि विचार, "अमा, रागावलात का?" ती ओरडली तर बरंच. ओरडणारी माणसं मनात काही ठेवत नाहीत. गप्प राहिली तर मला लिही.

आणि ढगांकडे बघू नकोस. ते तुझे कोणी लागत नाहीत.

अचा युडोन

---

चुशार,
सातवा महिना, १२

अचा,

विचारलं. त्यांनी हात सोडवून घेतला नाही. बोलल्याही नाहीत, नुसती मान हलवली. हो की नाही ते मला कळलं नाही.

आज सकाळी मात्र बोलल्या. आवाज अगदी खोल, घोगरा, जणू रात्रभर रडलेल्या बाईचा. म्हणाल्या, "तुझ्या माहेरची शेतफेरी कधी आहे?" मी सांगितलं, बावीसला. म्हणाल्या, "मग जायचं. सगळं बांधून ठेव. शिरोभूषण, पिरोजे, लग्नातला झगा, सगळं." आणि उठून खळ्याकडे निघून गेल्या.

शिरोभूषण, अचा. लग्नात मी जे जे आणलं होतं ते सगळं.

तोबग्याल वरच्या कुरणात घोडे आणायला गेला आहे, उद्या येईल. त्याला माहीत आहे की नाही कोण जाणे. मी बांधाबांध केली. कापणी अर्धीच झाली आहे. मी कापत होते त्या पट्ट्यात विळा तसाच टाकून आले, कारण पुन्हा हातात घेतला असता तर खाली ठेववलाच नसता.

पालांना एवढ्यात सांगू नकोस.

सेल्की

---

लुंगमार,
सातवा महिना, १४

अमा फुर्बू यांना, चुशार,

आदरपूर्वक नमस्कार. सोबत खाता पाठवला आहे, तो स्वीकारावा. इथवर जे रीतीचं होतं ते झालं. आता रीत बाजूला ठेवते.

तुम्ही माझ्या धाकट्या बहिणीला दागिन्यांसकट माहेरी पाठवत आहात असं कळलं. दाणे बुटात टाकायला मी सांगितलं होतं. ती पायाच्या भरवशावर चालली, कारण तिला तुमच्यासारखंच फिरायचं होतं. शेणीच्या ढिगाभोवती ती किती दिवस फिरली ते तुमच्या वासराला विचारा! तिला मनातून उलटं फिरायचं असतं, तर तिने एवढी मेहनत कशाला घेतली असती?

तुमच्या पोराने बूट बदलले. शिक्षा त्याला करा. मला करा. आमच्या दारी सेल्की कधीच जड होणार नाही, तिच्यासाठी चूल आणि अंथरूण तयार आहे. पण तिला तुमच्याच घरी राहायचं आहे आणि हे सांगायला तिची जीभ उचलत नाही, म्हणून मी सांगते. इतकी जीव लावणारी सून तुम्हाला अख्ख्या दरीत मिळणार नाही. मिळाली तरी ती दोरात हरेल.

जास्त लिहिलं असेल तर माफी असावी. कमी लिहिलं असेल तर बाकीचं समोर येऊन बोलेन.

युडोन

---

चुशार,
सातवा महिना, १७

युडोन,

मला लिहिता येत नाही. मी बोलते आहे आणि तोबग्याल लिहितो आहे. एकही शब्द गाळायचा नाही असं मी त्याला बजावलं आहे.

(गाळणार नाही. अमा मागे उभी आहे. तोबग्याल)

तुझं पत्र दोनदा वाचून घेतलं. पहिल्यांदा राग आला, दुसऱ्यांदा तू आवडलीस. आता ऐक, पोरी.

मी सेल्कीवर रुसले नव्हते. माझा घसा बसला होता.

त्या दिवशी तंबूमागे पासांग म्हणाला, उलट्या सुनेला वर पोचवा. दुसराही कोणी तेच म्हणाला. मग मी सुरू झाले. म्हटलं, ती पुढे गेली, पण तिच्यामागे तुम्ही कुणाच्या पायांनी गेलात? लामा गेले, पोथ्या गेल्या, तू गेलास, तुझा याकही गेला असता. उलटं एकटी ती फिरली की सगळं चुशार? हाकलायचं तर गाव रिकामं करा, दिवे मी विझवते. नाच संपेपर्यंत मी थांबले नाही. सगळे दमून घरी गेले. सकाळी तोंड उघडलं तर आतून बेडूक बोलला.

आता तू म्हणशील, घसा बसला हे सांगायचं की. कसं सांगू? माझ्या आवाजाला ही दरी घाबरते. पासांगला कळलं असतं की फुर्बूला बोलता येत नाही, तर तो त्याच दुपारी चार म्हाताऱ्यांना घेऊन दारात आला असता. म्हणून गप्प राहिले, तोंड फिरवलं, लोणी प्यायले. पोरगी घाबरली असेल हे माझ्या डोक्यातच आलं नाही. ते माझं चुकलं. तिने हात धरून विचारलं तेव्हा मी 'नाही, नाही' अशी मान हलवली. आमच्याकडे मानही उलटी हलते की काय, ते तिलाच विचार.

(मलाही वाटलं होतं अमा रागावली आहे. तोबग्याल)

तू मधे लिहू नकोस.

आवाज आल्या आल्या मी म्हटलं, माहेरच्या शेतफेरीला जायचं. जायचं म्हणजे आपण जायचं! ती, मी आणि हा. एकटीला पाठवायचं असतं तर 'जा' म्हटलं असतं. दागिने बांधायला सांगितले, कारण माझी सून स्वतःच्या गावात बोडक्या डोक्याने उभी राहिली तर लोक मला काय म्हणतील? तुझं पत्र ऐकेपर्यंत हे असं झालंय याचा मला पत्ताच नव्हता. सगळं तिच्यासमोर वाचून घेतलं. ती आता चुलीपुढे बसून हसते आहे, रडते आहे आणि चहा उतू चालला आहे. विळा मी शेतातून उचलून आणला, धार लावली आणि तिच्या हातात दिला. उद्यापासून कापायला येते म्हणाली.

जव अजून निम्मा उभा आहे. काल पलीकडच्या डोंगरावर काळं आभाळ येऊन गेलं. पासांग म्हणतो, सगळं खळ्यावर येऊ दे, मग ठरवू. मी त्याला सांगितलं, ठरवायचं ते मी ठरवून टाकलं आहे, आकाशाला विचारून नाही. गारा पडल्या तर मी आकाशाला शिव्या देईन, सुनेला नाही. नाही पडल्या तर त्याचं श्रेयही तिला देणार नाही, डोक्यावर बसेल.

आता कामाचं बोलते. बावीसला तुमच्याकडे मी तुमच्यासारखी फिरणार, शेत डाव्या हाताला. पण जन्मभर उजव्या हाताची सवय आहे, पाय ऐकतील असं वाटत नाही. तुझ्या पालांना म्हणावं, मला त्यांच्या मागेच उभी करा आणि चुकले तर खुशाल हसा. मनातला मंत्र मात्र माझा मी म्हणेन. तो कोण ऐकतोय?

(हे तिला सेल्कीने सांगितलं. तोबग्याल)

छांग कडक ठेव. आणि गच्चीवर जाऊन शेजारणींना आत्ताच ओरडून सांग, म्हणजे कुणी कुजबुजायला नको. चुशारची फुर्बू येते आहे, सुनेला पोचवायला नाही. फेरी झाली की मी तिला घेऊन घरी जाणार.

अमा फुर्बू